गप्प झालेला पैलवान

पत्र :

सर, सा. न. वि. वि. मी वाळवा तालुक्यातली. थोरला मुलगा सोळा वर्षांचा आहे. दहावी झाल्यावर जूनमध्ये त्याला कोल्हापूरला तालमीत ठेवला. ह्यांची आणि आजोबांची हौस होती, पोराचीही होती. त्याआधी घरात हा म्हणजे वादळ. शब्दाला शब्द, दार आपटणं, धाकट्याशी मारामारी. दिवाळीला आला तर ओळखू येईना. पहाटे चारला उठून अंगण झाडलं. जेवलेलं ताट स्वतः घासलं. विचारलं तेवढंच बोलायचा. भाऊबीजेला माझ्या भाच्यानं सगळ्यांदेखत त्याच्या टाळक्यात मारली आणि म्हणाला, "काय पैलवान, एक तरी कुस्ती केलीस का?" पूर्वी ह्यानं त्याला लोळवला असता. यावेळी नुसता उठला आणि हात धुवायला गेला. एक कान सुजून भज्यासारखा झालाय. दुखतंय का विचारलं तर नाही म्हणाला. नवीन कपडे नको म्हणाला. जाताना बदामाची पिशवी बांधून दिली होती, ती फडताळात डब्यांमागे ठेवून गेला, मला दोन दिवसांनी सापडली. हे म्हणतात, पोरगा माणसात आला, खाशाबा जाधव काय घरात बसून झाले? मला वाटतं, माझं पोर कुणीतरी मोडलंय. बाईमाणसानं तालमीत जायचं नसतं म्हणतात. मी काय करू?
– एक आई

उत्तर :

ताई,

तुमच्या मुलासारखा मीही तालमीतून गप्प होऊन घरी आलो होतो. दोनदा. पहिल्यांदा आलो तेव्हा माझी आई खूश झाली आणि ती चुकली. दुसऱ्यांदा आलो तेव्हा ती घाबरली, तेव्हाही चुकली. म्हणून तुमचं पत्र वाचलं आणि या आठवड्याची बाकीची पत्रं बाजूला ठेवली.

चौदा वर्षांचा होतो. वडिलांनी पत्र्याची ट्रंक, दोन लंगोट आणि तुपाचा डबा देऊन एका तालमीत सोडलं. तालमीचं नाव सांगत नाही. तिथले वस्ताद स्वतः चांगले पैलवान होते, पण छडीशिवाय पोरगं घडत नाही असं त्यांचं पक्कं मत. त्यांच्यापेक्षाही वाईट होते ते दोन-तीन जुने पैलवान. रात्री दहानंतर आम्हा बारक्यांना अंग चेपायला बसवायचे. डुलकी लागली की कानाखाली. महिन्याभरात मी सरळ झालो. चारला उठायचो, सांगितलेलं करायचो, उलट शब्द नाही. यात्रेला घरी आलो तर आई शेजारणींना सांगत सुटली, पोरगं शहाणं झालं म्हणून.

चौथ्या दिवशी मी चुलीजवळ पाटावर जेवत बसलो होतो. माझ्या डोक्यावरच्या फळीवरून हळदीचा डबा काढायला आईनं हात वर केला आणि मी मान खांद्यात ओढून घेतली. घास हातातच राहिला. एवढंच झालं. ती काही बोलली नाही. डबा खाली ठेवून तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. पाठ लाकडासारखी ताठ. दुसऱ्या दिवशी मामाला बरोबर घेऊन ती पहिल्या एसटीनं कोल्हापूरला गेली आणि संध्याकाळी माझी ट्रंक घेऊन परत आली. वडील आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

वर्षभरानं मला दुसऱ्या तालमीत घातलं. आईचीच अट होती, आधी मी बघून येणार. तिथल्या वस्तादांचा आवाज पहिल्या आठवड्यात मी फारसा ऐकलाच नाही. त्यांनी माझ्या हातात कुदळ दिली आणि कुस्तीच्या मातीचा हौद दाखवला. तालमीतली लाल माती तुम्ही लांबून पाहिली असेल. चाळून घेतलेली, त्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर असं काय काय मुरवलेलं. पण रोज इतकी अंगं तिच्यावर आपटतात की सकाळपर्यंत ती दबून घट्ट होते. म्हणून पहाटे ती खणायची, ढेकळं फोडायची, फळी फिरवून सारखी करायची. खणताना कंबर, मांड्या, खांदे, मनगटं सगळं कामाला लागतं, तो मेहनतीचाच भाग आहे. मला मात्र तेव्हा ती शिक्षा वाटायची. खणून झालं की मारुतीच्या पाया पडायचं, मग जोर, मग बैठका, मग लढती.

लढतीत मी रोज पडायचो. गावात माझ्या वयाच्या कुणालाही मी उचलून टाकत होतो आणि इथं माझ्यापेक्षा बारकं पोरगं मला दिवसातून दहा वेळा पाठीवर घालायचं. पडलो की वस्ताद एकच विचारायचे, "पाय कुठं होता?" शाबासकी नाही, शिवी नाही. पहिले काही महिने मी उत्तरं द्यायचो ती अशी : माती ओली होती, त्यानं लंगोट धरला, दम लागला होता. ते ऐकून घ्यायचे आणि पुढच्या जोडीकडे वळायचे. एके दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं, "उजवा पुढं राहिला होता." त्यांनी मान हलवली आणि दोन बोटांनी माझं कोपर जरा आत ढकललं. ते कोपर अजून मला तसंच धरायची सवय आहे.

तुमच्या मुलाचा राग कुठं गेला, हा तुमचा खरा प्रश्न आहे ना? राग कसा जातो ते सांगतो, कारण ते मी अंगावर घेतलंय. कुस्ती मानेपासून सुरू होते. दोघं एकमेकांच्या मानेवर हात टाकतात, कपाळाला कपाळ भिडतं, समोरच्याचा श्वास आपल्या गालावर येतो. रागावलेला गडी इथंच ओळखू येतो. तो रेटतो. रेटला की त्याचं वजन चवड्यांवर येतं, टाचा उचलल्या जातात. समोरचा शांत असेल तर त्याला जोर लावायची गरजच पडत नाही. तो खाली बसून पाय ओढतो, म्हणजे पट काढतो, नाहीतर त्याच रेट्यात वळून धोबीपछाड मारतो. शिवाय रागात माणूस श्वास धरून ठेवतो. श्वास धरला की दोन मिनिटांत मांड्या भरून येतात, बोटं मनगटावरून सुटायला लागतात. घरात पोरानं दार आपटलं तर दार काही त्याला परत आपटत नाही. हौदात आपटतं, आणि रोज सकाळ-संध्याकाळ. सांगून, ओरडून, समजावून जे होत नाही ते तिथं पाठीला कळतं. आपण तापलो की पडतो, हे इतक्या वेळा कळतं की मग शरीरच तापायला नकार देतं.

पण हे पोराला शब्दांत सांगता येत नाही. सोळाव्या वर्षी तर नाहीच. त्याच्या आत काहीतरी बदलत असतं आणि ते काय आहे ते त्यालाही ठाऊक नसतं. म्हणून ते गप्प बसतं. मी तसा गप्प होऊन दुसऱ्यांदा घरी आलो तेव्हा आई धसकली. तिला वाटलं, परत तेच. त्या रात्री जेवताना तिनं मुद्दाम माझ्या डोक्यावरून हात नेला. मी वर बघून विचारलं, "काय शोधतेस?" ती आत निघून गेली. ती रडली होती, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं.

तेव्हा ताई, तुम्ही आणि दादा भांडताय ते एकाच गोष्टीवरून, आणि ती गोष्ट बाहेरून दोन्हीकडे सारखीच दिसते. भीतीनं गप्प झालेलं पोर आणि शांत झालेलं पोर दोघंही चारला उठतात, दोघंही ताट घासतात. फरक अंगात असतो, तिथं बघा. भ्यालेलं पोर झोपेतही जागं असतं, कुणी खोलीत आलं की डोळे उघडतं. अंगातला सदरा काढायला टाळतं. फोन वाजला की त्याचा चेहरा बदलतो. परत जायच्या दिवशी पोट दुखतं. शांत झालेलं पोर मेल्यासारखं झोपतं, पोटभर जेवतं, खांदे खाली सोडून बसतं. आणि एक हमखास खूण : ते धाकट्याला गादीवर ओढून एखादा डाव दाखवतंच. दाखवल्याशिवाय राहवत नाही. धाकट्याला विचारा. तो तुम्हाला खरं सांगेल.

तुमच्या पत्रातल्या काही गोष्टींनी मला धीर आला. कोल्हापूरच्या कितीतरी तालमींत पोरं पाळीनं स्वतःच स्वयंपाक करतात. ज्याचं ताट त्यानं घासायचं, झाडलोटही त्यांचीच. त्यामुळे अंगण झाडणं नि ताट घासणं ही भीती नाही, हाताला लागलेलं वळण आहे. ते मोडू देऊ नका. "राहू दे रे, मी घासते" असं म्हणू नका.

भाऊबीजेच्या प्रसंगाबद्दल मला एक माहिती हवी होती, ती पत्रात नाही. हात धुऊन तो परत आला का? परत येऊन त्याच माणसांत बसला असेल, करंजी खाल्ली असेल, तर निर्धास्त राहा. मागच्या दारानं निघून गेला असेल आणि रात्रीच उगवला असेल, तर तो अपमान त्यानं गिळलाय, पचवलेला नाही. त्याच्याशी बोलायला हवं. आणखी एक लक्षात घ्या. पाच महिने मातीत काढलेल्या पोराला कळलेलं असतं की आपल्या हातानं काय होऊ शकतं. हौदात माणूस मऊ मातीवर पडतो. तुमच्या सोप्यातल्या फरशीवर तोच डाव लागला असता तर भाच्याची मान किंवा खांदा गेला असता. पूर्वी त्याला हे माहीत नव्हतं, म्हणून तो लोळवायचा. आता माहीत आहे. पण ताई, हेही सांगायला हवं : तुमच्या भाच्याला त्यावेळी मोठ्यांपैकी कुणी काही बोललं का? बोललं नसेल तर ते चुकलं. हात आवरणाऱ्या पोराच्या बाजूनं घरातल्या मोठ्यांनी उभं राहायचं असतं. नाहीतर पुढच्या वेळी त्यानं का आवरावा?

कानाचं घाबरू नका, पण टाळूही नका. सुजलेला कान म्हणजे मारहाण असं धरून चालू नका. डोक्याला डोकं घासून, मान सोडवताना कान चिरडून ते होतं. कातडी आणि आतली कूर्चा यांच्यामध्ये रक्त साकळतं. पहिल्या काही दिवसांत कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून ते काढून घेतलं आणि दाबून पट्टी बांधली तर कान वाचतो. राहिलं तर आत घट्ट होतं आणि कानाचा भजा कायमचा. पुष्कळ पैलवान तो अभिमानानं मिरवतात, त्यांना मिरवू द्या. पण तालमीत कुणी सुई टोचून रक्त काढत असेल तर ते ताबडतोब थांबवा, त्यानं कानात पू होऊ शकतो. कान अजून मऊ, गरम, ठणकणारा असेल तर उद्याच्या उद्या डॉक्टर. घट्ट झाला असेल तरी एकदा दाखवाच, आणि सरावाला कान झाकणारा पट्टा मिळतो तो घेऊन द्या.

दादांना माझा नमस्कार सांगा. खाशाबा जाधव घरात बसून झाले नाहीत, हे त्यांचं खरं आहे. कऱ्हाडजवळचं गोळेश्वर तुम्हाला काही लांब नाही. मातीत वाढलेला हा पैलवान १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेला, तिथल्या गादीवर लढला आणि सहावा आला. परत येऊन चार वर्षं त्यानं मेहनत केली आणि १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तेव्हा लोकांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले, हेही दादांना ठाऊक असेल. खाशाबा घराबाहेर पडले, पण त्यांच्या मागं माणसं होती, ती त्यांची विचारपूस करत होती. पोराला तालमीत सोडलं म्हणजे आपलं काम संपलं, असं त्यांच्या गोष्टीतून निघत नाही.

आणि पाच महिन्यांत एकही कुस्ती लावली नाही, याचं भाच्याला हसू येत असेल, मला बरं वाटलं. वस्ताद घाईतला नाही. सोळाव्या वर्षी मान, पाठ आणि गुडघे तयार व्हायच्या आधी पोराला जत्रेच्या मैदानात सोडणारे वस्ताद मी पाहिलेत, आणि विशीत गुडघा बांधून घरी बसलेले त्यांचे पठ्ठेही पाहिलेत. यंदाच्या जत्रेत गावात कुस्ती लावा म्हणून दादा किंवा आजोबा वस्तादांच्या मागं लागले असतील तर त्यांना थांबवा. पोरगं केव्हा सोडायचं ते वस्तादांना ठरवू द्या.

आता तालमीत जायचं. बाईमाणसानं जायचं नसतं, हे ऐकू नका. २०२३ च्या मार्चमध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी तुमच्याच सांगलीत झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली. पोरी हौदात उतरल्या, आईनं दारात उभं राहायला कुणाची परवानगी हवी? फक्त लढती चालू असताना आत शिरू नका. पोरं लंगोटावर असतात, तुमचाच मुलगा लाजेनं मेल्यासारखा होईल. सकाळची मेहनत आटोपून पोरं जेवणाच्या तयारीला लागतात, त्या वेळेला जा. आधी फोन करू नका.

गेल्यावर तुमच्या मुलाकडे नंतर बघा. आधी तिथल्या सगळ्यात लहान पोराकडे बघा. वस्ताद आत आले की ते पोर काय करतं? उठून उभं राहिलं, पाया पडलं, तर ती रीत आहे. जागच्या जागी थिजलं, तर ती रीत नव्हे. ते कुठं झोपतं, रात्री कुणाचं अंग चेपावं लागतं, हेही सहज विचारा. मग वस्तादांना विचारा, "पोरगं कुठं चुकतंय?" याच शब्दांत विचारा. ज्याचं लक्ष आहे तो वस्ताद तुम्हाला नेमकं सांगेल : मान कच्ची आहे, डाव्या पायावर विश्वास नाही, बैठकांत कंटाळा करतो. "काळजी करू नका, सरळ करून देतो" एवढंच म्हणाला तर मला ते आवडणार नाही. आणि एक गोष्ट तोंडावर विचारा, संकोच करू नका : ताकदीसाठी म्हणून कुणी पोरांना इंजेक्शन किंवा कसली पावडर देतंय का? प्रश्न ऐकून चांगला वस्ताद रागावणार नाही. त्यालाही त्याचीच धास्ती असते.

तुमची शंका खरी निघाली, कुणी मारतंय, छळतंय, रात्री त्रास देतंय असं कळलं, तर त्याच दिवशी ट्रंक उचला. दादा आठ दिवस बोलले नाहीत तर नाही बोलले. अल्पवयीन पोरावर हात टाकणं हा गुन्हा आहे. १०९८ या चाइल्डलाइनच्या नंबरवर फोन लावता येतो, त्याला पैसे पडत नाहीत. कोल्हापुरात तालमी काय कमी आहेत?

पण मला वाटतं, तसं निघणार नाही. मला वेगळीच काळजी आहे. पत्रात मला सगळ्यात जास्त टोचली ती बदामाची पिशवी.

पैलवानाचा खुराक काय असतो ते तुम्ही जाणता. दूध, तूप, कुंडीत घोटलेली बदामाची थंडाई. बाजूच्या पोराचा बाप बागायतदार असतो, त्याचा डबा वेगळा येतो. तुमच्या मुलाला ते रोज दिसतं. उसाचं बिल कधी येतं, सोसायटीचं किती थकलंय, हे सोळा वर्षांच्या पोराला पुरतं कळतं. त्यानं नवे कपडे नको म्हटलं. बदाम परत ठेवले, आणि तेही तुमच्यासमोर नाही, डब्यांमागे, म्हणजे तो निघून गेल्यावर तुम्हाला सापडावेत. आणि कान दुखत असताना नाही म्हणाला. मला या तिन्ही गोष्टी एका दोऱ्यात दिसतात. तो मोडलेला नाही, ताई. तो हिशेब करतोय. आपल्यापायी घरात काय कमी पडतंय, ते मोजतोय.

हे मला कसं कळतं, तेही सांगून टाकतो. मी दुसऱ्या तालमीत असताना आमच्या घरची म्हैस आटली होती. तरी माझा तुपाचा डबा चुकला नाही, तो विकत घेऊन यायचा. बहिणीच्या चहात दूध नसायचं. सुट्टीत आलो तेव्हा तिचा काळा चहा मी पाहिला. त्यानंतर गुडघ्यात कळ येत असताना मी दोन महिने कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं की डॉक्टर आणि डॉक्टर म्हणजे पैसे. इनामाच्या आशेनं माझ्यापेक्षा कितीतरी वजनदार गड्याशी कुस्ती जोडून घेतली, वस्तादांना न विचारता. गुडघा तिथंच गेला. त्याला मी कुणालाही दोष देत नाही. पण घरातल्या कुणी त्यावेळी मला समोर बसवून सांगितलं असतं, बाबा, इतकं जमतं आणि इतकं जमत नाही, तर मी तो हिशेब एकटा करत बसलो नसतो.

म्हणून तुम्ही दोघं त्याला समोर बसवा. वही काढा. महिन्याला खुराकाला किती देता येतील, ते आकड्यात सांगा. जमत नसेल तर जमत नाही म्हणा. त्यानं काही बिघडत नाही. भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, गूळ, केळी, दूध, चालत असतील तर अंडी, यांवरही शरीर उत्तम होतं. बदाम हवेतच असं नाही. अकरावीचं कॉलेज सुटू देऊ नका, परीक्षा त्यानं द्यायचीच. आणि एक वाक्य दादांच्या तोंडून यायला हवं, तुमच्या नव्हे : "तुला वाटेल त्या दिवशी कुस्ती सोड, तुझ्याकडे आमचं काही देणं निघत नाही." हे ऐकल्यावर पोरं तालीम सोडतात असं दादांना वाटेल. मला उलटा अनुभव आहे. पंचवीस वर्षं शाळेत खेळाचा मास्तर होतो. हे वाक्य ज्यांच्या बापांनी म्हटलं, ती पोरं जास्त टिकली.

त्याला बोलतं कसं करायचं, असंही तुमच्या मनात असेल. "कसा आहेस, बरा आहेस ना" विचारून काही निघणार नाही, "बराय" म्हणेल. आता जत्रांचे फड सुरू होतील. कोल्हापूरला खासबागेत कुस्त्या असतील तेव्हा त्याच्याबरोबर जा. शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं, १९१२ सालचं मैदान, कुठंही बसा, हौद समोर दिसतो. हलगी वाजायला लागली की त्याच्याकडे बघा. स्वतःबद्दल अवाक्षर न काढणारं पोर दुसऱ्याच्या कुस्तीबद्दल तासभर बोलतं. याचा पाय बघ, आता हा घिस्सा मारणार, हा चुकला. तुम्ही फक्त विचारत राहा. अडाणी होऊन विचारा. तास-दीड तासानं ते आपोआप स्वतःवर येईल.

आणि फोनवर रोज एकच विचारा : "आज कुणी पाडलं?" तो हसून एखाद्या पोराचं नाव सांगेल, कसं पाडलं ते सांगेल, तर तुम्ही गाढ झोपा. "कुणी नाही" म्हणून विषय बदलला, तर दुसऱ्या दिवशीची एसटी धरा.

पुढच्या आठवड्यातच जाऊन या. बदामाची पिशवी बरोबर न्या, ती सगळ्या पोरांच्या थंडाईत घालायला द्या, म्हणजे त्याला एकट्याला तिचं ओझं होणार नाही. येताना कान दाखवूनच या. आणि धाकट्यानं काय सांगितलं, ते मला कळवा.